जुन्या बाजारात वस्तू हेरायची कशी?

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या आसपास पथाऱ्या पसरलेल्या असतात. नळाच्या तोट्या, मोबाईलचे चार्जर, पान्हे, सायकलच्या चेन, वापरलेले बूट, आणि त्या ढिगातच कुठेतरी पितळी अडकित्ता किंवा गोटी सोड्याची बाटली. मुंबईत भेंडी बाजाराजवळचा मटण स्ट्रीट म्हणजे चोर बाजार. तिथली दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानात मांडलेली वस्तू कोणीतरी आधीच ओळखलेली असते, तिचा भावही ठरलेला असतो. पथारीवर मात्र विकणाऱ्यालाही ती काय आहे हे पुष्कळदा माहीत नसते. शोधण्यातली खरी मजा पथारीवर आहे.

जुन्या वस्तूंची ओढ आहे, पण बाजारात पाऊल टाकल्यावर कुठून सुरुवात करावी हे उमगत नाही, अशांसाठी हा लेख. माझे एक ठाम मत आधीच सांगतो. वस्तू कुठल्या गावातून, कुठल्या घरातून, कुठल्या कामातून आली हे तिच्यासोबत आले, तरच ती पूर्ण हाती लागली. नाहीतर तो नुसता धातूचा, काचेचा किंवा कागदाचा तुकडा. पुढचे सगळे सांगणे याच धोरणाने आहे.

आधी नजर बसवा

पहिल्यांदा बाजारात जाण्यापूर्वी पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दिवस घालवा. दिनकर केळकरांनी १९२० च्या आसपास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे राजेरजवाड्यांच्या वस्तू आहेत, पण आपल्या कामाच्या आहेत त्या घरातल्या: दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, दौती, पानाचे डबे. एकाच अडकित्त्याचे किती आकार असू शकतात हे एका कपाटासमोर उभे राहून जितके कळते तितके शंभर फोटो पाहून कळत नाही. गोव्यात गेलात तर बाणावलीचे गोवा चित्र पाहा. शेतीची अवजारे आणि रोजच्या वापरातल्या, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले संग्रहालय आहे ते.

मग एक विषय निवडा. भांडी, बाटल्या, काडेपेटीची लेबले, कुलपे, नाणी, घड्याळे, जुन्या जाहिरातींचे पत्रे, काहीही चालेल, पण सुरुवातीला एकच. ज्याला सगळेच हवे असते त्याला कशाचीच पारख येत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत खरेदी करूच नका. वस्तू हातात घ्या, उलटी करा, तळ पाहा, वजन जोखा, किंमत विचारा, आभार मानून खाली ठेवा. त्या वस्तूचा बाजारातला चालू भाव असाच कळतो.

पिशवीत काय हवे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान टॉर्च, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा खिशातला काटा, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, दोन जाड कापडी पिशव्या, वही-पेन्सिल. पैसे सुटे न्या आणि दोन खिशांत वाटून ठेवा. शंभराच्या नोटा मोजून देणारा आणि पाचशेची नोट मोडायला लावणारा, या दोघांना सांगितला जाणारा भाव सारखा नसतो. भंगाराच्या ढिगात हात घालायचा असेल तर जाड हातमोजे, बंद बूट आणि धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असणे गरजेचे. जुन्या औषधाच्या बाटलीत काही उरलेले असेल तर ती उघडू नका, वासही घेऊ नका.

कधी जायचे, कसे बोलायचे

उजाडताना गेलात तर गाठोडी सुटत असतात. याच वेळी बाजारातले मुरलेले गिऱ्हाईक आणि दुकानदार स्वतः फिरतात, म्हणून चांगली वस्तू सकाळी लवकर हलते. उशिरा गेलात तर निवड कमी, पण उरलेला माल परत बांधून न्यायचा कंटाळा असल्याने भाव उतरतो. जड वस्तूंसाठी, म्हणजे घंगाळ, बंब, लाकडी पेटी यांसाठी दुसरी वेळ बरी.

पहिल्या गिऱ्हाइकाशी सौदा मोडू नये असे विकणाऱ्यांना मनापासून वाटते. भवानीच्या वेळी भाव करायला बसलात तर घ्यायचे असेल तरच बसा. नुसते चाचपण्यासाठी कोणाची भवानी अडवणे बरे नव्हे. पुण्यात ‘मामा, हे कुठून आलं?’ आणि चोर बाजारात ‘चाचा, ये कहाँ का माल है?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. उत्तर पुष्कळदा ‘घरातलं आहे’ एवढेच मिळते. पण कधी ‘भोरकडचा वाडा उतरवला’, ‘पारशी बंगल्यातलं सामान आहे’ असे काहीतरी हाती लागते. ते लगेच वहीत उतरवा. त्याच घरचे आणखी काही आहे का, हा पुढचा प्रश्न. एका घरातून आलेले सामान एकत्र मिळाले तर प्रत्येक वस्तू दुसरीची साक्ष देते.

हवी ती वस्तू पाहून चेहरा उजळू देऊ नका. आधी दुसऱ्या दोन वस्तूंची चौकशी करा, मग हिच्याकडे या. किंमत मात्र माणुसकीने करा. पथारीवाल्याने ती वस्तू भंगारातून वेचून, धुऊन, पोत्यात भरून आणलेली असते. योग्य वाटलेला भाव देऊन ओळख ठेवलीत तर पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवील.

तांब्या-पितळेची भांडी

नवशिक्याने इथून सुरुवात करावी असे मला वाटते. माल मुबलक आहे, बनावट कमी आहे आणि प्रत्येक भांडे बोलके असते.

आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानात पितळेचा आणि तांब्याचा मोडीचा, म्हणजे भंगाराचा, भाव विचारून घ्या. तो तुमचा तळ. जुने पितळ वितळवायला गेले तरी तेवढे पैसे येणारच, म्हणून विकणारा त्याखाली उतरणार नाही. त्यावर जे मागतो ते घडणीचे आणि जुनेपणाचे. वजन करा, मोडीची किंमत काढा आणि वरचा आकडा पटतो का ते पाहा. चुंबक लावून बघायलाही विसरू नका. पितळेला ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा.

आता भांडे उलटे करा. हाताने ठोकून घडवलेल्या हंड्याकळशीवर हातोडीचे ठसे, म्हणजे मठार, दिसतात आणि ते थोडे अनियमित असतात. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हे काम आजही चालते, त्यामुळे मठार आहे म्हणजे जुने, असे धरू नका. आत टॉर्च मारा. पत्रा वळवून जोडलेल्या जुन्या भांड्यात बुडाशी किंवा बाजूला दातेरी सांधा दिसतो: पत्र्याच्या दोन कडांना दात कापून ते एकमेकांत बसवलेले आणि वरून डाग देऊन, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधलेले. त्या सांध्याचा रंग बाकी पितळेपेक्षा किंचित वेगळा असतो. याउलट आत एकात एक बारीक वर्तुळे दिसली तर भांडे यंत्रावर फिरवून काढलेले आहे. झीज कुठे आहे तेही पाहा. कळशीचे पोट जिथे कमरेवर टेकते तिथे, तांब्याच्या गळ्याशी जिथे बोटे धरतात तिथे, अडकित्त्याच्या दांड्यांच्या आतल्या बाजूला. वापराची झीज अशी ठरावीक जागीच असते. सगळीकडे सारखा काळपटपणा असेल तर तो रसायनाने आणलेला असण्याची शक्यता मोठी.

आणि मग काठाखाली बोट फिरवा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची चाल होती. टिंब-टिंब ठोकून लिहिलेले माहेरचे नाव, ‘सप्रेम भेट’, गावाचे नाव, कधी साल. साल शके असेल तर ७८ मिळवा: शके १८४५ म्हणजे १९२३. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. मुंबईत गुजराती घरांतल्या भांड्यांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा. अक्षरांत कीट भरलेले असते, म्हणून कागद ठेवून वरून पेन्सिलीचे शिसे घासा, नाव उमटते. एक अख्खे लग्न, एक रुखवत त्या चार शब्दांत उभे राहते. नाव असलेले साधे फुलपात्र आणि नाव नसलेले नक्षीदार, यांत मी पहिले घेईन. काही व्यापारी भांडे ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून ही नावे घासून काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

बाटल्या

गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये पेटंट केलेल्या रचनेची. सोड्यातल्या वायूच्या दाबाने गोटी वर चढून गळ्यातल्या रबरी कडीवर बसते आणि तोंड बंद होते. गोटी सोडा आजही मिळत असल्याने बाजारातल्या बऱ्याच बाटल्या अलीकडच्या असतात. जुनीवर कारखान्याचे आणि गावाचे नाव काचेतच उठावाने आलेले असते, काच जाड आणि हिरवट, आत बारीक बुडबुडे. गोल बुडाची, उभी न राहणारी सोड्याची बाटली दिसली तर सोडू नका. बूच ओले राहून घट्ट बसावे म्हणून ती आडवी ठेवत.

साध्या बाटल्यांचे वय ठरवताना साच्याची रेघ पाहा. रेघ गळ्यापर्यंत येऊन ओठाच्या खाली विरत असेल तर ओठ हाताने घडवलेला आहे, म्हणजे बाटली बहुधा यंत्रयुगाआधीची. रेघ ओठावरून पार गेली असेल तर यंत्राची. बाटल्या पूर्ण आपोआप करणारे ओवेन्सचे यंत्र १९०३ मधले. निळ्या किंवा हिरव्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या औषधाच्या बाटल्या विषारी द्रव्यांसाठी असत. अंधारात हाताला रेघा लागल्या की माणूस सावध व्हावा हा हेतू.

कागद

भिंग इथे सगळ्यात जास्त कामाला येते. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. त्या छापखान्याची म्हणून विकली जाणारी लक्ष्मी-सरस्वतीची बहुतेक चित्रे नव्या छपाईची असतात. भिंगातून चेहऱ्याची कातडी पाहा. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या त्या जुन्या छपाईत, वेगवेगळ्या रंगांचे ठिपके विस्कळीत, लहानमोठे, हाताने दिल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके एका मापाचे, ओळीत, छोट्या फुलांसारखे रचलेले असतात. हा फरक एकदा दिसला की विसरत नाही. काही जुन्या चित्रांवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या, मणी लावून देवीला साडी नेसवलेली असते. ते काढू नका, ते त्या घराचे काम आहे.

कागद चहात बुडवून पिवळा करता येतो. खरा जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो, घड्यांवर ठिसूळ होतो. चौकटीतले चित्र असेल तर मागची पाटी, खिळे आणि त्यांचा गंज पाहा.

मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे गठ्ठे रद्दीच्या भावात मिळतात. वाचता येत नसले तरी घ्या आणि गठ्ठा फोडू नका, क्रम बदलू नका. मग मोडी जाणणाऱ्याला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी स्थापलेली ही संस्था असल्याच कागदांवर उभी आहे. आपल्या गठ्ठ्यात बहुधा खरेदीखत किंवा हिशेबच निघेल, पण गावच्या इतिहासाला तेही मोलाचे.

नाणी: इथे सावध

पथारीवर सर्वाधिक फसवणूक नाण्यांत होते. काटा आणि चुंबक दोन्ही काढा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून ५० टक्के. १९४७ चा रुपया निकेलचा, म्हणून तो चुंबकाला चिकटायलाच हवा आणि त्याआधीचे चिकटता कामा नयेत. कडेवर ओतीव कामाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर नाणे ठशाने पाडलेले नाही, ओतलेले आहे, म्हणजे बनावट. १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्याने शेवटचा अंक कोरून बदललेले रुपये फिरतात, त्या अंकावर भिंग धरा.

शिवराई या तांब्याच्या जुन्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असते. नंतरच्या काळातही शिवराया मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या, त्यामुळे शिवराई दिसली म्हणजे थेट महाराजांच्या हातची असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अक्षरे स्पष्ट असलेली झिजकी शिवराई आनंदाने घ्या, पण बेताच्या भावात.

राम दरबार किंवा हनुमान असलेले, १८१८ साल घातलेले ‘ईस्ट इंडिया कंपनीचे’ अर्धा आण्याचे नाणे कंपनीने कधी पाडले नाही. तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी तांब्याचे भांडे किंवा नाणे ही उघड ठकबाजी आहे आणि तिच्यात लोकांचे लाखो रुपये बुडाले आहेत. वैष्णोदेवीचे नाणे, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखांत घेतो, आधी फी भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांविषयी खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता.

घड्याळे आणि ग्रामोफोन

जुन्या एचएमटी आणि स्विस कंपनी फाव्र ल्युबाच्या घड्याळांवर नवी रंगीत तबकडी चढवून विकायचा मोठा धंदा आहे. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भडक केशरी-हिरवी तबकडी, जाडसर अक्षरे, मिनिटांच्या रेघा आणि काटे यांचा न बसणारा मेळ, ही लक्षणे. झिजलेल्या, डागाळलेल्या मूळ तबकडीचे घड्याळ केव्हाही बरे.

चकाकत्या पितळी कर्ण्याचा, अष्टकोनी नव्या लाकडी पेटीचा, समोर एचएमव्हीचा पत्रा ठोकलेला ग्रामोफोन बहुतेक वेळा नवा जुळवलेला असतो. आतले यंत्र एखाद्या पेटीवजा हातातल्या ग्रामोफोनचे काढून बसवतात. खरे हवे असेल तर तसा पेटीचा एचएमव्ही १०२ शोधा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. उभ्या ठेवा आणि स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते.

भंगार, माळे आणि वाडे

बाजारात येण्याआधी वस्तू भंगारवाल्याकडे येते आणि त्याआधी कोणाच्या तरी माळ्यावर असते. पेठांतले वाडे पडताहेत, आजी-आजोबांचे घर रिकामे होतेय, तेव्हा तिथे पोचणे हाच उत्तम शोध. नातेवाइकांत, सोसायटीत सांगून ठेवा: माळा साफ करताना टाकण्याआधी मला बोलवा. गल्लीतल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा, मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन म्हणून सांगा. वाडा उतरवत असताना मुकादमाच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका, सुटलेली तुळई डोक्यात पडायला वेळ लागत नाही. दारांच्या कड्या, कोयंडे, कुलपे, घोडेमुखी खुंट्या, नावाच्या पाट्या याच वेळी मिळतात. दारे आणि फर्निचर मोठ्या प्रमाणात हवे असेल तर मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार.

कायद्याची रेघ

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे आणि त्याहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात, महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षे आहे. त्यांतली दगडी, धातूची, लाकडी शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी लागते आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. देशाबाहेर नेणे खाजगी माणसाला बंद आहे. अमेरिकेतल्या भाचीला आजीची समई द्यायची असेल आणि ती जुनी दिसत असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. विमानतळावर समजावत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

किल्ल्यावर, गढीवर, जुन्या देवळाच्या आवारात खणू नका, धातुशोधक फिरवू नका. तो गुन्हा आहे. शिवाय जमिनीतून ओरबाडलेल्या वस्तूचा थर, जागा, संदर्भ कायमचा जातो. स्वतःच्या शेतात नांगरताना नाणी सापडली तरी १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हस्तिदंत, वाघनख, सांबराचे शिंग, कासवाची पाठ, यांपैकी काही अडकित्त्याच्या मुठीत जरी दिसले तरी हात लावू नका. तलवार-कट्यारीसाठी शस्त्र कायदा आडवा येतो. देवळातली मूर्ती, मुखवटा, पालखीचे चांदीकाम समोर आले तर ते चोरीचे असू शकते असेच धरून चाला.

घरी आणल्यावर

लगेच घासायला घेऊ नका. नाण्यावरचा आणि संग्रहातल्या धातूवरचा जुना थर म्हणजे त्याचे वय. चिंच, लिंबू, पावडर यांनी तो एका मिनिटात जातो आणि किंमतही जाते. माती मऊ ब्रशने झाडा. हिरवा, पिठासारखा सुटणारा कळंक असेल तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी आणि कोरडी ठेवा. वापरायच्या भांड्याचे वेगळे: ते खुशाल लख्ख करा आणि स्वयंपाकाआधी कल्हई लावून घ्या. गंजलेले कुलूप रॉकेलमध्ये भिजवा, किल्ली जबरीने फिरवू नका. लाकडी वस्तूतून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, घरातल्या फर्निचरजवळ नेऊ नका. कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत काढता येत नाही.

त्याच संध्याकाळी वहीत नोंद करा: तारीख, बाजार, विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत, दिलेली किंमत, वजन, मापे, कोरलेला मजकूर जसाच्या तसा. वस्तूला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधा, तोच नंबर वहीत लिहा आणि त्याच नंबराने फोटो ठेवा. भांड्यावर गावाचे नाव असेल तर त्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोटो पाठवून विचारा, त्या आडनावाचे कोणी अजून आहे का.